संगणक जालातील प्रवेशविलंब

संगणक जालावर काम करणाऱ्या व्यक्तीने आपले नाव व परवलीचा शब्द दिल्यापासून तिला प्रत्यक्ष काम सुरू करता येईपर्यंत वाजवीपेक्षा अधिक वेळ लागणे, यास प्रवेशविलंब म्हणतात. या प्रवेशक्रियेस व्यवहारात ‘लॉगिन’ म्हणतात. वरवर पाहता ही एकच क्रिया असली, तरी तीत अनेक स्वतंत्र क्रिया एकामागून एक घडतात : संगणक जालाशी जोडला जाणे, पडताळणी करणाऱ्या सर्व्हरचा पत्ता मिळणे, व्यक्तीची ओळख पटणे, तिचे अधिकार निश्चित होणे, तिची व्यक्तिगत कार्यव्यवस्था उतरवून घेतली जाणे आणि सामायिक फाइली व मुद्रक जोडले जाणे. यांपैकी कोणतीही एक क्रिया अडली की पुढील सर्व क्रिया खोळंबतात. व्यक्तीला मात्र केवळ ‘संगणक संथ आहे’ एवढेच जाणवते. त्यामुळे या दोषाचे निदान हा संगणक जालांच्या देखभालीतील एक जुना व बिकट प्रश्न ठरला आहे. शासकीय अभिलेख जालावर आल्यानंतर तो केवळ तांत्रिक प्रश्न राहिलेला नाही. अभिलेखात बदल नेमका कोणी केला, याच्या विश्वसनीयतेशीही त्याचा संबंध आहे.

उगम : प्रारंभीच्या संगणकांत प्रवेशक्रिया नव्हती. छिद्रित कार्डांचा गठ्ठा यंत्रचालकाच्या हाती देणे आणि काही तासांनी छापील उत्तर घेऊन जाणे, अशी रीत होती. एका संगणकाचा वेळ अनेकांत वाटून देणारी ‘कंपॅटिबल टाइम-शेअरिंग सिस्टिम’ ही कालविभागणी व्यवस्था फर्नांडो कॉर्बाटो यांनी मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत नोव्हेंबर १९६१ मध्ये प्रात्यक्षिकाने दाखविली. एकाच यंत्रावर अनेकांच्या फाइली राहू लागल्याने प्रत्येकाला वेगळा परवलीचा शब्द देणे आवश्यक झाले. आजच्या प्रवेशक्रियेचा उगम येथे आहे. तिच्यातील दुबळेपणाही लगेच दिसून आला. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने आपल्याला संगणकाचा अधिक वेळ मिळावा, म्हणून परवलीच्या शब्दांची सबंध फाइल छापून घेतली. पुढे एकदा तीच फाइल चुकून स्वागतसंदेशाच्या जागी गेली व प्रवेश करणाऱ्या प्रत्येकाच्या समोर उमटली.

या अनुभवांतून परवलीचा शब्द जसाच्या तसा न साठविता गुप्तलेखित करून ठेवण्याची पद्धत आली. युनिक्स या संगणक प्रणालीतील या पद्धतीची हकीकत रॉबर्ट मॉरिस व केन टॉम्सन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केली. आधीची गुप्तलेखनाची रीत फार जलद होती. त्यामुळे चोरट्यालाही थोड्या अवधीत असंख्य शब्द आजमावून पाहता येत. यावर उपाय म्हणून त्यांनी १९७७ साली अमेरिकेत प्रमाणित झालेल्या गुप्तलेखन पद्धतीत फेरफार करून ती एकापाठोपाठ पंचवीस वेळा वापरली. प्रामाणिक व्यक्तीला त्यामुळे क्षणभर अधिक थांबावे लागे. लक्षावधी शब्द आजमावणाऱ्याला मात्र त्या क्षणांची फार मोठी किंमत मोजावी लागे. म्हणजे प्रवेशक्रियेतील काही विलंब दोषातून नव्हे, तर हेतुपूर्वक आलेला आहे. निदान करताना हा हेतुपूर्वक विलंब आणि दोषजन्य विलंब यांतील भेद ध्यानात ठेवावा लागतो. पहिला नेहमी अल्प व ठरावीक असतो, तर दुसरा दीर्घ असतो व पुष्कळदा अनियमितही.

स्थानिक जालांचा काळ : १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पॅलो ॲल्टो येथील संशोधन केंद्रात ईथरनेट या स्थानिक जालाची कल्पना मांडली गेली व १९८० नंतरच्या दशकात कार्यालयांतून अशी जाले पसरली. प्रत्येक मेजावर स्वतंत्र संगणक आल्याने एकाच व्यक्तीची नोंद अनेक यंत्रांवर ठेवणे अवघड झाले आणि ओळख पटविण्याचे काम मध्यवर्ती सर्व्हरकडे गेले. मॅसॅचूसेट्स येथील वर उल्लेखिलेल्या संस्थेत १९८३ मध्ये सुरू झालेल्या अथेना प्रकल्पातून कर्बरॉस ही पद्धत निर्माण झाली. ग्रीक पुराणकथांतील पाताळाच्या दारावरील तीन मुखांच्या श्वानाचे नाव तिला दिलेले आहे. रॉजर नीडम व मायकेल श्रोडर यांच्या १९७८ मधील विवेचनावर ती आधारलेली आहे. या पद्धतीत परवलीचा शब्द जालावरून पाठविला जात नाही. मध्यवर्ती सर्व्हर व्यक्तीला साधारणपणे एका कामाच्या दिवसापुरते ‘तिकीट’ देतो व ते दाखवून इतर सेवा मिळविता येतात. तिकिटावर वेळेची नोंद असल्याने दोन्ही यंत्रांतील घड्याळे जुळणे अगत्याचे असते. सामान्यतः पाच मिनिटांपेक्षा अधिक फरक चालत नाही.

याच सुमारास आणखी एक महत्त्वाची गोष्ट घडली. संगणकांची नावे व त्यांचे अंकीय पत्ते यांची सांगड घालणारी ‘डोमेन नेम सिस्टिम’ ही नामव्यवस्था पॉल मॉकपेट्रिस यांनी १९८३ मध्ये आखली. पुढे व्यक्ती, यंत्रे व अधिकार यांच्या नोंदी ठेवणाऱ्या निर्देशिका निघाल्या. मिशिगन विद्यापीठात त्यांच्यासाठी सुटसुटीत संदेशनियम तयार करण्यात आले व ते १९९३ मध्ये प्रमाणलेख म्हणून प्रसिद्ध झाले. मायक्रोसॉफ्ट कंपनीने फेब्रुवारी २००० मध्ये आणलेल्या विंडोज २००० या प्रणालीतील ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ या व्यवस्थेत नामव्यवस्था, कर्बरॉस व निर्देशिका या तिन्हींची एकत्र गुंफण झाली. जगातील अनेक कार्यालयांनी ही व्यवस्था स्वीकारली. सोय वाढली, पण अवलंबनही वाढले. एका व्यक्तीचा प्रवेश आता निदान तीन सेवांच्या सुस्थितीवर अवलंबून राहू लागला.

कारणे : प्रवेशविलंबाचे सर्वांत वारंवार आढळणारे कारण नामव्यवस्थेत असते. कार्यालयातील संगणकाला कार्यालयाच्या नामसर्व्हरऐवजी बाहेरच्या इंटरनेट पुरवठादाराच्या सर्व्हरचा पत्ता दिलेला असल्यास तो अंतर्गत सर्व्हरचा ठावठिकाणा बाहेर विचारत राहतो. बाहेरच्या सर्व्हरला ते नाव ठाऊक नसते. संगणक ठराविक काळ वाट पाहतो, पुन्हा विचारतो, मग दुसरा मार्ग धरतो. लिनक्स प्रणालीत एका प्रश्नाच्या उत्तरासाठी सामान्यतः पाच सेकंद वाट पाहिली जाते व दोनदा प्रयत्न केला जातो. यावरून निदानाचा एक उपयुक्त नियम निघतो : विलंब नेमका पाच, दहा वा तीस सेकंदांच्या टप्प्यांनी येत असेल, तर यंत्र कामात नसून कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहत आहे, असे समजावे. अशा वेळी अधिक शक्तिमान संगणक विकत घेऊन काहीही साधत नाही.

दुसरे कारण जोडणीच्या मुळाशीच असते. जालातील स्विचांमध्ये संदेश चक्राकार फिरत राहू नयेत, म्हणून रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये सुचविलेली पद्धत वापरतात. तिच्या मूळ स्वरूपात संगणक जोडला गेल्यावर ते द्वार दोन टप्प्यांत मिळून तीस सेकंद बंद राहते. संगणक त्याआधीच सुरू झाला, तर त्याला सर्व्हर सापडत नाही. २००१ मध्ये या पद्धतीची जलद आवृत्ती प्रमाणित झाली. तसेच ज्या द्वाराला केवळ एक संगणक जोडलेला आहे त्याला या प्रतीक्षेतून सूट देता येते.

तिसऱ्या प्रकारची कारणे ओळख पटल्यानंतरची आहेत. व्यक्तीची कार्यव्यवस्था सर्व्हरवर ठेवून प्रत्येक प्रवेशाच्या वेळी ती समोरच्या संगणकावर उतरविण्याची पद्धत असल्यास, तीत साठलेली छायाचित्रे व जुने कागद प्रत्येक सकाळी जालावरून वाहून आणावे लागतात. बंद झालेल्या जुन्या सर्व्हरवरील सामायिक कप्पे वा मोडीत काढलेले मुद्रक जोडण्याच्या आज्ञा तशाच राहिलेल्या असतात. त्या प्रत्येक आज्ञेला अपयश येईपर्यंत प्रवेश पुरा होत नाही. २००१ मधील विंडोज एक्सपी या प्रणालीने जालाची वाट न पाहता साठविलेल्या माहितीच्या आधारे आधी पडदा दाखवावा, अशी तजवीज केली. त्यामुळे प्रतीक्षा कमी भासू लागली. मात्र काही नवे नियम पुढील प्रवेशाच्या वेळीच लागू होऊ लागले.

अंतर व गर्दी : जालाची क्षमता आणि त्यावरील विलंब या भिन्न गोष्टी आहेत. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तापासून सुमारे ३६,००० किमी. उंचीवर असतो. एका बाजूचा संदेश वर जाऊन खाली येण्यास सुमारे पाव सेकंद लागतो. म्हणजे प्रश्न व उत्तर मिळून अर्धा सेकंद जातो. प्रवेशक्रियेत अशा वीस देवाणघेवाणी एकामागून एक होत असल्यास, उपग्रहाची क्षमता कितीही वाढविली तरी दहा सेकंद जाणारच. याउलट प्रकाशकीय तंतूतून संदेश दर सेकंदास सुमारे दोन लक्ष किमी. वेगाने जातो. दोनशे किमी. अंतराला त्याला एक सहस्रांश सेकंद पुरतो. तंतुमार्ग सुस्थितीत असताना संथपणाचा दोष अंतराला देता येत नाही.

गर्दीचा परिणाम निराळा असतो. दूरध्वनी केंद्रांतील रांगांचे गणित डॅनिश गणितज्ञ ए. के. अर्लांग यांनी १९०९ पासून मांडले. तेच येथे लागू पडते. एका प्रवेशास सरासरी अर्धा सेकंद लागणारा सर्व्हर निम्म्या क्षमतेने चालत असेल, तर रांगेसह सरासरी एक सेकंद लागतो. तो नव्वद टक्के गुंतलेला असेल तर पाच सेकंद आणि पंचाण्णव टक्के गुंतलेला असेल तर दहा सेकंद लागतात. भार केवळ पाच टक्क्यांनी वाढला, तरी प्रतीक्षा दुप्पट होते. कार्यालये उघडण्याच्या वेळी सर्वजण एकदमच प्रवेश करू लागले, की काल संध्याकाळी उत्तम चालणारी व्यवस्था आज सकाळी कोलमडल्यासारखी का भासते, याचा उलगडा या गणितातून होतो.

निदानाची साधने : दोष कोठे आहे हे ओळखण्याची साधने जालांबरोबरच विकसित झाली. दूरचे यंत्र उत्तर देते की नाही व किती वेळात देते, हे सांगणारे ‘पिंग’ हे साधन माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिले. संदेशाच्या वाटेवरील प्रत्येक टप्पा दाखविणारे ‘ट्रेसराउट’ व्हॅन जेकबसन यांनी १९८७ मध्ये तयार केले. जालावरील संदेश टिपून ठेवणारे ‘टीसीपीडंप’ १९८८ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत आले. जेराल्ड कोम्झ यांचे १९९८ मधील ‘ईथरियल’ हे साधन २००६ पासून ‘वायरशार्क’ या नावाने ओळखले जाते. टिपलेल्या संदेशांत प्रत्येकाची वेळ असते. जेथे दोन संदेशांमध्ये मोठे अंतर दिसते, तेथे दोष असतो.

साधनांहून क्रम अधिक महत्त्वाचा असतो. विलंब एकाच व्यक्तीला होतो, एकाच यंत्रावर होतो, एकाच कार्यालयात होतो की सर्वत्र होतो, हे प्रथम पाहतात. तीच व्यक्ती दुसऱ्या यंत्रावर व दुसरी व्यक्ती त्याच यंत्रावर आजमावली की निम्म्या शक्यता गळून पडतात. त्यानंतर विलंब परवलीचा शब्द देण्यापूर्वीचा, ओळख पटताना होणारा की ओळख पटल्यानंतरचा, हे घड्याळ लावून ठरवितात. दिवसाच्या निरनिराळ्या वेळी मोजमाप घेऊन गर्दीचा दोष वेगळा काढतात. एका वेळी एकच बदल करून त्याचा परिणाम नोंदविणे हा या कामाचा मूलभूत नियम होय. अनेक बदल एकदम केल्यास दोष गेला, तरी तो कशाने गेला हे कळत नाही व तो पुन्हा उद्‌भवल्यास सारे प्रयत्न पहिल्यापासून करावे लागतात.

भारतातील वाटचाल : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. शासकीय कारभारासाठी राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची स्थापना १९७६ मध्ये झाली. या केंद्राने १९८७–८८ च्या सुमारास उपग्रहाधिष्ठित ‘निकनेट’ हे जाल उभारण्यास प्रारंभ केला. दिल्ली, पुणे, हैदराबाद व भुवनेश्वर ही त्याची प्रमुख केंद्रे होती. जिल्हाधिकारी कार्यालये लहान भूकेंद्रांनी त्याला जोडली गेली. वर सांगितलेला अर्ध्या सेकंदाचा विलंब या जालाच्या रचनेतच होता. मात्र त्यावरून प्रामुख्याने अहवाल व संदेश पाठविले जात असल्याने तो फारसा जाणवत नसे. समोर माणूस ताटकळत बसलेला असताना दूरच्या सर्व्हरकडून उत्तर आणण्याची वेळ पुढे आली.

भूमि-अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र पुरस्कृत योजना १९८८–८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. महाराष्ट्रातून वर्धा जिल्ह्याची निवड झाली होती. २००८ मध्ये राष्ट्रीय भूमि-अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आखण्यात आला. महाराष्ट्रात पूर्वी तालुका पातळीवरील संगणकांत असलेली सातबारा उताऱ्यांची माहिती पुढे मध्यवर्ती केंद्रात एकत्र आणली गेली. ‘ई-फेरफार’ या प्रणालीद्वारे फेरफाराच्या नोंदी तलाठ्याने जालावरूनच घ्याव्यात, अशी व्यवस्था झाली. राज्यातील सुमारे अडीच कोटी सातबारा उतारे, ३५८ तालुके व बारा हजारांहून अधिक तलाठी सजे यांचा भार अशा रीतीने एकाच व्यवस्थेवर आला. २०१७ मध्ये हस्तलिखित व संगणकीकृत उतारे ताडून पाहण्यासाठी गावोगावी चावडीवाचन झाले. १ मे २०१८ रोजी अंकीय स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध करून देण्यास प्रारंभ झाला.

या संक्रमणकाळात सर्व्हरच्या संथपणाविषयी तलाठ्यांच्या संघटनांनी वेळोवेळी तक्रारी केल्या. दिवसा गती मिळत नसल्याने रात्री अथवा पहाटे नोंदी घेण्याची पाळी अनेकांवर आली. रात्री तेच यंत्र, तीच जोडणी व तोच परवलीचा शब्द असताना काम जलद होत असेल, तर तेथील दोष गर्दीचा होता, हे वर दिलेल्या क्रमावरून सहज ध्यानात येते. २०१७ मध्ये राज्य शासनाच्या कर्जमाफी योजनेसाठी ऑनलाइन अर्ज व बोटांच्या ठशांची पडताळणी यांची अट होती. त्याही वेळी अनेक सेवाकेंद्रांवर शेतकऱ्यांना याच कारणाने रांगेत ताटकळावे लागले.

गावपातळीवरील स्वरूप : पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यात, पुणे-सोलापूर महामार्गावर वसलेल्या वरवंडसारख्या बागायती गावाच्या दृष्टीने हा प्रश्न पाहिला म्हणजे त्याची व्याप्ती कळते. अशा गावातील जमिनीचे खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदविले जाते. त्याची सूचना तालुक्याला जाते. तलाठी फेरफाराची नोंद घेऊन संबंधितांना नोटीस काढतो. हरकतीची पंधरा दिवसांची मुदत संपल्यावर मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो आणि मगच सातबारा बदलतो. पीककर्ज, वारसनोंद, भूसंपादनाचा मोबदला हे सारे त्या उताऱ्यावर अवलंबून असते. या साखळीतील प्रत्येक अधिकाऱ्याला प्रत्येक वेळी जालात प्रवेश करावा लागतो व अंकीय स्वाक्षरीचे साधन वापरावे लागते. अशा साधनाचे प्रमाणपत्र रद्द झालेले नाही ना, हे जालावरून तपासायचे असल्यास आणखी एका दूरच्या सर्व्हरवरील अवलंबन वाढते. कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्याला पाणी कमी मिळाले, तर दरवेळी दोष त्याच्या चारीतील गाळाचाच असतो असे नाही. मुखाशी किती उपसा झाला हेही पाहावे लागते. गावातील संगणकाच्या संथपणाचेही तसेच आहे. दोष गावच्या यंत्रात, तालुक्याच्या जोडणीत, मध्यवर्ती सर्व्हरमध्ये अथवा स्वाक्षरी पडताळणाऱ्या सेवेत असू शकतो. ‘सर्व्हर डाऊन आहे’ या एकाच वाक्याने या चारही शक्यता झाकल्या जातात व शेतकऱ्याची खेप वाया जाते.

परिणाम : प्रवेशविलंबाची खरी हानी वाया गेलेल्या वेळापुरती मर्यादित नसते. प्रवेशास फार वेळ लागू लागला, की माणसे आडवाटा शोधतात. सकाळी एकदा प्रवेश करून यंत्र दिवसभर उघडे ठेवले जाते, परवलीचा शब्द सहकाऱ्याला अथवा मदतनिसाला सांगून ठेवला जातो किंवा स्वाक्षरीचे साधन यंत्रालाच जोडलेले राहते. ज्या व्यवस्थेची उभारणी कोणी काय केले हे निःसंदिग्धपणे कळावे म्हणून झाली, तीच मग ते सांगू शकत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार-अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने अंकीय स्वाक्षरीला कायदेशीर मान्यता दिली. २००८ मधील दुरुस्तीने दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी वा परवलीचा शब्द लबाडीने वापरणे तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास व एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडास पात्र ठरविले. कायद्याने स्वाक्षरी हस्तांतरित होऊ नये अशी तजवीज केली असली, तरी संथ व्यवस्था प्रामाणिक कर्मचाऱ्यालाही ती हस्तांतरित करण्याचा मोह पाडते. अशा स्थितीत एखादी खोटी नोंद झाल्यास ज्याचे नाव तीवर उमटले त्याला आपले निर्दोषत्व सिद्ध करणे कठीण जाते. ज्याची जमीन गेली त्याला खरा दोषी सापडत नाही.

यावरील उपाय तांत्रिक व प्रशासकीय असे दुहेरी आहेत. भार अनेक सर्व्हरांत वाटणे, गावाजवळच्या केंद्रातून पडताळणी करणे, नामव्यवस्थेची नियमित तपासणी, कालबाह्य आज्ञा काढून टाकणे आणि सर्व घड्याळे एका प्रमाणवेळेशी जुळवून ठेवणे हे उपाय प्रस्थापित झाले आहेत. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशकीय तंतू नेण्याची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली व २०१५ पासून ती ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाते. अशा जोडण्यांमुळे अंतराचा प्रश्न सुटू शकतो, गर्दीचा सुटत नाही. म्हणून सार्वजनिक व्यवस्थेचे मोजमाप तिच्या सरासरी गतीवरून न करता सर्वाधिक गर्दीच्या तासाला सर्वांत दूरच्या केंद्रावर प्रवेशास किती वेळ लागतो, यावरून करणे योग्य ठरते. ही नोंद नियमितपणे ठेवली, तर दोष उद्‌भवताच तो कोणत्या टप्प्यावर आहे हे ठरविता येते. ती नसल्यास प्रत्येक वेळी निदान अंदाजावर अवलंबून राहते.